छोटं रिमोटचं हेलिकॉप्टर: व्ही९११, व्ही९११एस की के११०?

नाशिकमध्ये आम्ही काही जण रविवारी सकाळी एका बॅडमिंटन हॉलमध्ये छोटी इलेक्ट्रिक हेलिकॉप्टरं उडवतो. दारात उभं राहून बघणारे लोक पुढे फोन करतात, आणि प्रश्न साधारण तेच असतात. नवा माणूस दुकानात किंवा मोबाइलवर पंचवीस मॉडेलं बघून गोंधळतो आणि पहिलंच हेलिकॉप्टर चुकीचं घेतो. मग ते चार दिवसांत मोडतं आणि छंद तिथेच संपतो. असं होताना पाहिलं की वाईट वाटतं, म्हणून ही उत्तरं नीट लिहून काढली आहेत. वीत-दीड वीत लांबीच्या, एका लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर चालणाऱ्या हेलिकॉप्टरांबद्दलच ती आहेत. उदाहरणं मुख्यतः चीनच्या डब्ल्यूएलटॉइज आणि त्यांच्याच एक्सके या नावाखाली निघणाऱ्या मॉडेलांची घेतली आहेत, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात त्यांच्यावर होते.

मी आजवर हेलिकॉप्टर उडवलेलं नाही. सरळ सांगा, कोणतं घेऊ?

व्ही९११एस. सोबत दोन जादा बॅटऱ्या, पंख्याच्या पात्यांचे दोन जोड आणि शेपटीची एक मोटर घेऊन ठेवा.

त्यात खऱ्या हेलिकॉप्टरसारखा वर एकच मुख्य पंखा आणि शेपटीला वेगळा छोटा पंखा असतो, आत तोल सांभाळणारा सहा अक्षांचा जायरो असतो. वजन इतकं कमी की कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडलं तरी बहुतेक वेळा उचलून परत उडवता येतं. शिकणाऱ्यासाठी या एका गुणापुढे बाकीचे आकडे दुय्यम आहेत. सुरुवातीला तुम्ही ते रोज पाडणार आहात आणि प्रत्येक वेळी ते परत उठलं पाहिजे.

फिक्स्ड पिच आणि कलेक्टिव्ह पिच यात नक्की फरक काय?

आवृत्ती निवडताना हा एक फरक समजला की निम्मं काम झालं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फिक्स्ड पिच हेलिकॉप्टरात मुख्य पंख्याच्या पात्यांचा कोन कायमचा ठरलेला असतो. वर जायचं तर पंखा जोरात फिरवायचा, खाली यायचं तर हळू. व्ही९११ आणि व्ही९११एस दोन्ही याच प्रकारातली. इथे मोटरला वेग पकडायला आणि सोडायला थोडा वेळ लागतो. दूध उतू जाताना गॅस बारीक केला तरी क्षणभर ते वर येतच राहतं, तसं थ्रॉटल, म्हणजे रिमोटवरची पंख्याचा जोर ठरवणारी काडी, कमी केल्यावरही हेलिकॉप्टर क्षणभर चढत राहतं. हा उशीर आधीच धरून चालायला हात आठ-दहा दिवसांत शिकतो.

कलेक्टिव्ह पिचमध्ये पंख्याचा वेग जवळपास कायम ठेवतात आणि फिरत्या पात्यांचा कोन बदलतात. कोन वाढवला की हेलिकॉप्टर तत्काळ वर, कमी केला की तत्काळ खाली. कोन शून्याच्याही खाली, म्हणजे उलटा नेता येतो. त्यामुळे पाठीवर उलटं होऊन उडणं, कोलांट्या मारणं शक्य होतं. के११०, व्ही९७७ ही या प्रकारातली. उत्तर इतकं झटपट मिळतं की चूकही तितकीच झटपट घडते. शिवाय पंखा सतत पूर्ण वेगात असल्यामुळे तो ज्याला लागतो त्याला जोरात लागतो आणि स्वतःही मोडतो.

दुकानदार दोन्ही खोकी शेजारी ठेवून म्हणतो, 'हे साधं, हे ॲडव्हान्स.' माझ्या मते दोन्ही वेगवेगळ्या यंत्रणा आहेत, दुसरी ही पहिलीची सुधारलेली आवृत्ती नाही. चांगलं उडवणारे कित्येक जण घरात अजून फिक्स्ड पिचच उडवतात.

घरी सिमा एस१०७ आहे. मुलगा ते मस्त उडवतो. मग थेट के११० घेऊ का?

नको. एस१०७ मध्ये एकावर एक दोन पंखे विरुद्ध दिशांना फिरतात. एकाचा पीळ दुसरा मारतो, म्हणून ते हवेत जवळजवळ स्वतःहून स्थिर राहतं. त्याला डावी-उजवीकडे सरकता येत नाही. फक्त वर-खाली, पुढे-मागे आणि गोल वळणं. पुढे जाण्यासाठी शेपटीवर एक आडवा छोटा पंखा असतो, तो शेपूट उचलतो किंवा दाबतो, इतकंच. शिवाय त्याचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालतो, म्हणून उन्हात सिग्नल तुटतो.

मुलाला थ्रॉटल हळुवार वापरायची सवय लागली असेल, ती उपयोगी आहे. पण एक पंख्याचं हेलिकॉप्टर सतत कुठल्यातरी बाजूला घसरत असतं आणि ते सतत आवरावं लागतं. ही कला एस१०७ वर शिकताच येत नाही. मधली पायरी व्ही९११एस.

जुनं व्ही९११ स्वस्तात मिळतंय. एस नसलं तर काय बिघडलं?

बिघडत काही नाही, पण स्वभाव वेगळा आहे. जुन्या व्ही९११ च्या मुख्य पंख्यावर दोन्ही टोकांना वजन असलेला एक आडवा दांडा असतो. त्याला फ्लायबार म्हणतात. फिरणारं वजन आपली पातळी सोडायला तयार नसतं. हेलिकॉप्टर कलंडलं की हा दांडा पात्यांचा कोन असा बदलतो की ते परत सरळ होतं. म्हणजे हा यांत्रिक जायरोच. ही युक्ती खेळण्यांसाठी शोधलेली नाही. आर्थर यंग यांनी बेल कंपनीच्या हेलिकॉप्टरांसाठी असाच स्थिरतेचा दांडा बसवला आणि त्यातून आलेलं बेल ४७ हे ८ मार्च १९४६ रोजी अमेरिकेत नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळवणारं पहिलं हेलिकॉप्टर ठरलं. व्ही९११ मध्ये हा दांडा पात्यांशी ४५ अंशांत असतो. त्यामुळे स्थिरता खूप वाढते आणि पुढे पळायची ताकद कमी होते. वाऱ्याची झुळूक आली की ते नाक वर करून थांबतं, पुढे जायला तयार होत नाही.

एस आवृत्तीत दांडा काढून ते काम इलेक्ट्रॉनिक जायरोला दिलं आहे. मोडायला एक भाग कमी, पळायला जास्त मोकळं, आणि हलक्या वाऱ्यात जरा बरं. पण पूर्ण बंद खोलीत, मुलांना शिकवायला, जुनं दांड्याचं व्ही९११ मला आजही मनापासून आवडतं. काडी सोडली की ते दोनदा डुलतं आणि शांत होतं. ते डुलणं जवळून बघत बसलं तर हेलिकॉप्टर कसं चालतं हे पुस्तकाशिवाय कळतं.

घेताना एकच सांभाळा. व्ही९११ याच नावाने बॅटरीची जोडणी वेगळी असलेल्या आवृत्त्या निघालेल्या आहेत. जादा बॅटरी मागवण्याआधी विकणाऱ्याकडून प्लगचा जवळून काढलेला फोटो मागवा.

३.५ चॅनेल, ४ चॅनेल, ६ चॅनेल म्हणजे काय? जास्त असले की चांगलं?

चॅनेल म्हणजे रिमोटवरून स्वतंत्रपणे चालवता येणारी एक गोष्ट. चार चॅनेलमध्ये वर-खाली, शेपटीचं वळण, पुढे-मागे आणि डावी-उजवी येतात; हेलिकॉप्टर पूर्ण उडवायला चार लागतातच. सहामध्ये पात्यांचा कोन आणि एक स्विच वाढतो. ३.५ मधलं अर्धं म्हणजे बहुधा दिवा चालू-बंद करायचं बटण. ते तीनच समजा आणि शिकण्यासाठी घेऊ नका.

के११० ला ६जी स्विच आहे. तो लावला की नवशिक्यालाही चालेल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त हेलिकॉप्टरं याच समजुतीत मोडतात.

६जी लावल्यावर काय होतं? तुम्ही उजवी काडी सोडलीत की हेलिकॉप्टर आपला कल सरळ करतं. बस. ते जागेवर थांबत नाही, उंची धरत नाही, भिंत आली तर वळत नाही. सरळ पातळीत राहून ते आरामात भिंतीवर जाऊन आदळू शकतं. आणि नाक तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, त्यावर कुठल्याच जायरोचा इलाज नाही.

माझं पहिलं कलेक्टिव्ह पिच हेलिकॉप्टर मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उडवलं, फिक्स्ड पिचवर पुरेसा हात बसायच्या आधी. ते वळून नाक माझ्याकडे झालं, मी काडी उलट दिशेला दिली, ते खांबाकडे पळालं. घाबरून मी सवयीने थ्रॉटल झटकन खाली ओढला. फिक्स्ड पिचवर त्याने मोटर बंद झाली असती. इथे ३डीचा, म्हणजे उलटं उडण्या-कोलांट्यांचा स्विच चालू राहिला होता, त्यामुळे थ्रॉटल खाली म्हणजे पात्यांचा कोन उलटा. डोळ्याचं पातं लवायच्या आत ते जमिनीत घुसलं आणि पंखा अडकूनही मोटर फिरतच राहिली. उचललं तेव्हा मुख्य गिअरचे दहा-बारा दात एका जागी साफ झाले होते, बोटाने चाचपले तर तिथे गुळगुळीत लागत होतं. थ्रॉटल होल्ड नावाचा स्विच अशाच वेळी मोटर एकदम बंद करण्यासाठी असतो, आणि मी तो एकदाही वापरून पाहिला नव्हता.

म्हणून के११० घेणाऱ्याला मी पहिले दोन दिवस उडवूच देत नाही. हेलिकॉप्टर जमिनीवर, पाती काढलेली, आणि 'होल्ड' म्हटलं की बोट थेट स्विचवर गेलं पाहिजे, रिमोटकडे न बघता. कंटाळवाणं वाटतं, पण एका गिअरची किंमत आणि तो मिळेपर्यंतचे दिवस वाचतात.

आपोआप उंची धरणारं, अल्टिट्यूड होल्डवालं घ्यावं का?

सी१२९ सारख्या मॉडेलांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि काडी मध्यावर सोडली की हेलिकॉप्टर साधारण त्याच उंचीवर राहतं. लहान मुलाला वाढदिवसाला द्यायचं आणि त्याच दिवशी त्याने उडवावं अशी इच्छा असेल तर हे चांगलं. पुढे के११० पर्यंत जायचं असेल तर माझं मत त्याच्या विरोधात आहे. थ्रॉटलवरचा अंगठा शिकतच नाही, आणि पुढच्या हेलिकॉप्टरवर नेमका तोच लागतो. छताचा पंखा चालू असलेल्या किंवा खिडकी उघडी असलेल्या खोलीत हा सेन्सर फसतो, हेही लक्षात असू द्या.

ब्रशलेस मोटर असलेलंच घ्या असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

के११० बद्दल खरं आहे. तिथे मुख्य मोटर ब्रशलेस आहे आणि सतत पूर्ण वेगात चालायचं असल्यामुळे ती हवीच. ब्रश असलेल्या छोट्या मोटरीत कार्बनचे किंवा धातूचे बारीक ब्रश घासत असतात. ते झिजले की मोटर बदलायची. ब्रशलेसमध्ये घासणारा हा भागच नसतो.

पण लोक एक विसरतात. के११० च्या शेपटीची मोटर ब्रशवालीच आहे. काही महिन्यांनी शेपूट जोर दिल्यावर एका बाजूला घसरायला लागलं, तर आधी तीच बदलून बघा. सेटिंगमध्ये डोकं घालण्यात दोन संध्याकाळी वाया घालवू नका. व्ही९११एस मध्ये सगळ्या मोटरी ब्रशच्या आहेत आणि शिकण्याच्या काळात त्याने काहीही अडत नाही.

आरटीएफ आणि बीएनएफ यांत कोणतं? मोड १ की मोड २?

आरटीएफ म्हणजे रिमोटसकट पूर्ण संच. बीएनएफ म्हणजे फक्त हेलिकॉप्टर, रिमोट तुमचा. पहिलं घेताना आरटीएफच.

मोडचा प्रश्न मात्र पैसे देण्याआधी सोडवा. मोड २ मध्ये थ्रॉटल आणि शेपूट डाव्या हातात, बाकी दोन उजव्या हातात. मोड १ मध्ये थ्रॉटल उजवीकडे आणि पुढे-मागे डावीकडे. आपल्याकडे बहुतेक जण मोड २ वर उडवतात, आणि शिकवणारा ज्या मोडवर उडवतो तोच तुम्ही घ्या, म्हणजे अडचणीत तो रिमोट हातात घेऊन हेलिकॉप्टर वाचवू शकेल. एकदा एका मोडवर बोटं बसली की बदलणं फार जड जातं. पार्सल उघडल्यावर डावी काडी वर-खाली करून बघा. ती मध्यावर परत उडी मारत असेल तर एकतर मोड १ आलाय किंवा उंची धरणारं मॉडेल आलंय.

माझ्याकडे रिमोटच्या विमानाचा चांगला ट्रान्समीटर (रिमोट) आहे. तोच वापरता येईल?

२.४ गिगाहर्ट्झ सगळ्यांवर लिहिलेलं असतं, पण त्यावरची भाषा प्रत्येकाची वेगळी. के११० फुताबा या रिमोट बनवणाऱ्या कंपनीच्या एस-एफएचएसएस पद्धतीशी जुळतं, म्हणून तो ट्रान्समीटर असणाऱ्याने बीएनएफ घेतलं तर पैसे वाचतात. ब्लेड या कंपनीची हेलिकॉप्टरं स्पेक्ट्रम कंपनीच्या डीएसएमएक्स पद्धतीवर चालतात. रेडिओमास्टर किंवा जम्पर कंपनीचा मल्टिप्रोटोकॉल (अशा अनेक भाषा बोलणारा) मोड्यूल असलेला ट्रान्समीटर असेल तर व्ही९११एस सुद्धा जोडता येतं. खोक्यातल्या छोट्या रिमोटच्या तुलनेत लांब काड्यांचा ट्रान्समीटर हातात घेतला की तेच हेलिकॉप्टर निम्मं सोपं वाटतं. परवडत असेल तर हा खर्च मी हेलिकॉप्टरच्याही आधी करेन. त्यालाच यूएसबीने संगणकाशी जोडून हेली-एक्स किंवा नेक्स्ट सारख्या सिम्युलेटरवर सरावही होतो, आणि तिथे पडलं तर एक बटण दाबून परत उभं करता येतं.

एका बॅटरीत किती वेळ उडतं? खोक्यावर लिहिलेलं खरं असतं का?

स्वतः हिशेब करा. व्ही९११एस ची बॅटरी २५० एमएएच, म्हणजे पाव अँपिअर-तास. सरासरी २ अँपिअर खेचले तर ०.२५ भागिले २ गुणिले ६० म्हणजे साडेसात मिनिटं, आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून सहा धरा. के११० ची ४५० एमएएच, २५ सी. त्या सी चा अर्थ ०.४५ गुणिले २५, म्हणजे सुमारे सव्वाअकरा अँपिअरपर्यंत ती एकावेळी देऊ शकते. कोलांट्या मारल्या तर खर्च वाढतो आणि वेळ झपाट्याने उतरतो. स्वस्तातल्या बदली बॅटरीवर एमएएच मोठे लिहिलेले असतात. आकड्यापेक्षा मूळ बॅटरीइतकं वजन आणि माप आहे का ते बघा. जड बॅटरीने नाक खाली जातं.

लिपो बॅटरीची काय काळजी घ्यायची?

एका सेलची पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट. उडवताना हेलिकॉप्टरचा दिवा लुकलुकला किंवा ताकद कमी वाटली की लगेच उतरवा. ३ व्होल्टच्या खाली गेलेली लिपो बहुतेक परत येत नाही. उडवून झाल्यावर दहा मिनिटं थंड होऊ द्या, मगच चार्ज करा. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेइतकाच ठेवा, म्हणजे २५० एमएएचला पाव अँपिअर. आठवडाभर उडवणार नसाल तर साधारण ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेली बॅटरी 'अजून एकदा' म्हणून वापरू नका. आणि चार्जिंगला लावून झोपायला किंवा बाहेर जाऊ नका, ही गोष्ट मी प्रत्येकाच्या आईवडिलांना वेगळी सांगतो.

बॅटरीचं पार्सल उशिरा का येतं, असंही विचारतात. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या (लिपोही त्यातलीच) प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत आणि मालवाहू विमानातही त्या ३०% पेक्षा जास्त चार्ज केलेल्या चालत नाहीत. म्हणून बरेच कुरिअरवाले त्या जमिनीवरूनच पाठवतात. स्वतः विमानाने जाताना जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा, टोकं झाकून.

सुटे भाग कोणते जवळ ठेवायचे? दुरुस्ती घरी जमेल का?

जमते, आणि जमायलाच हवी. गावात दुरुस्त करणारा शोधत बसलात तर हेलिकॉप्टर कपाटावर जातं. आवृत्ती निवडताना म्हणूनच मी पहिला प्रश्न हा विचारतो की हिचे भाग भारतात आज कुठे मिळतात. दोन मॉडेलं सारखीच आवडली तर ज्याच्या सुट्या पात्यांचा जोड या आठवड्यात घरी येऊ शकतो ते घ्या. चकचकीत नव्या मॉडेलचे भाग सहा महिन्यांनी बाजारात नसतात, असं दोनदा अनुभवलं आहे.

व्ही९११एस साठी पाती, शेपटीची मोटर, मुख्य गिअर पुरे. के११० साठी यात फीदरिंग शाफ्ट आणि सर्व्होचे, म्हणजे पात्यांचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे, गिअर वाढवा. फीदरिंग शाफ्ट म्हणजे दोन्ही पाती ज्या पकडींत बसतात त्यांच्या आरपार जाणारी काडीपेटीतल्या काडीसारखी बारीक पोलादी काडी. पडल्यावर ती वाकते आणि डोळ्याला दिसत नाही. हेलिकॉप्टर हवेत थरथरतं, कंपनांमुळे जायरो गोंधळतो आणि आपण उगाच ट्रिम (काडीचा मध्य किंचित सरकवणारी बटणं) बदलत बसतो. काडी बाहेर काढून खिडकीच्या काचेवर किंवा आरशावर बोटाने लोळवा. सरळ असेल तर नुसती सरसरते. वाकलेली असेल तर प्रत्येक फेरीला खालून उजेडाची फट उघडते आणि मिटते. नवीन बसवताना दोन्ही टोकांचे स्क्रू एकाच वेळी दोन स्क्रूड्रायव्हरनी धरावे लागतात. थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा, सुईच्या टोकावर राहील एवढाच थेंब, आणि तोही धातूवर धातू असेल तिथेच. प्लॅस्टिकला लागला तर ते तडकतं.

के११० आणि के११०एस नावं जवळची असली तरी इलेक्ट्रॉनिक बोर्ड एकमेकांचा चालेल असं गृहीत धरू नका. भागाच्या वर्णनात एस आहे की नाही हे वाचून मगच पैसे भरा.

नवीनच आहे, पण हवेत थांबलं की उजवीकडे किंचित कलतं. सदोष आहे का?

नाही, तसंच असायला हवं. बहुतेक मॉडेल हेलिकॉप्टरांचा मुख्य पंखा वरून बघितल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याच्या उलट पिळाला थोपवण्यासाठी शेपटीचा पंखा डावीकडे रेटा देतो, आणि तो रेटा सगळ्या हेलिकॉप्टरलाच डावीकडे ढकलतो. ते भरून काढायला शरीर थोडं उजवीकडे कललेलं राहतं. मोठ्या हेलिकॉप्टरांतही हेच घडतं.

जमिनीलगत डगमगलं तरी घाबरू नका. पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीच्या आत असताना खाली ढकललेली हवा जमिनीला लागून परत येते आणि ते साबणाच्या फरशीवर असल्यासारखं घसरतं. वितीभर उंचीवर रेंगाळण्यापेक्षा एकदम गुडघ्याच्या वर न्या, तिथे ते शांत होतं.

मोठं घेतलं तर जास्त स्थिर असतं म्हणतात. ४५० साइझ घेऊ का?

स्थिर असतं हे खरं. पण ४५० मध्ये एकेक पातं ३२५ मिलिमीटरचं, बॅटरी तीन सेलची २२०० एमएएच. ते लागलं तर टाके पडतात, बोट तुटू शकतं. शिकवणारा शेजारी उभा नसेल तर घेऊ नका. यावर माझं मत बदलणार नाही.

कुठे उडवायचं? परवाना लागतो का?

व्ही९११एस ला बॅडमिंटन कोर्टाएवढी जागा, म्हणजे १३.४ गुणिले ६.१ मीटर, भरपूर होते. दिवाणखान्यातही चालतं, फक्त छताचा पंखा बंद करा. के११० ला याच्या दुप्पट तरी हवी, किंवा वारा नसलेली सकाळ आणि गवताचं मैदान. गवतावर पडलेलं बहुतेक वाचतं, डांबरावरचं नाही.

ड्रोन नियम २०२१ मध्ये रिमोटने उडणारं हेलिकॉप्टरही मानवरहित विमानांतच मोडतं. २५० ग्रॅमपर्यंतचं ते नॅनो, आणि नॅनो उडवायला रिमोट पायलट परवाना लागत नाही. ४५० साइझ सोडलं तर इथली मॉडेलं त्या वजनाच्या आतली आहेत. पण परवाना नको म्हणजे कुठेही उडवा असं नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल भाग बघा. आमच्याकडे देवळालीचा तोफखाना आणि ओझरचा विमानतळ असल्यामुळे आम्ही बाहेर उडवायच्या आधी दर वेळी नकाशा उघडतो. आणखी एक. ९ फेब्रुवारी २०२२ पासून पूर्ण तयार किंवा जुळणीसाठी सुटे केलेले ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुट्या घटकांना नाही. परदेशी संकेतस्थळावरून अख्खं हेलिकॉप्टर मागवलं तर ते कस्टममध्ये अडकू शकतं. भारतातल्या दुकानातून, बिल घेऊन घ्या.

मुलगी दहा वर्षांची आहे. देऊ का?

व्ही९११एस, मोठं माणूस सोबत, डोळ्यांना गॉगल, केस बांधलेले. चार्जिंग तुम्ही करायचं. आमच्या हॉलमध्ये मुली शांत हाताने उडवतात आणि लवकर शिकतात असा माझा अनुभव आहे.

कुणीतरी वापरलेलं के११० विकतोय. काय तपासू?

पाती काढून मुख्य गिअर हाताने सावकाश पूर्ण फेरी फिरवा. कुठे अडलं किंवा सैल सुटलं तर दात गेलेत. बॅटरी जोडून प्रत्येक काडी पूर्ण टोकापर्यंत न्या आणि स्वॅशप्लेट, म्हणजे पंख्याखालची ती वर-खाली होणारी तबकडी, बघा. एखादा सर्व्हो मध्येच थरथरला तर त्याचा गिअर तुटला आहे. शेपटीच्या पंख्याला फुंकर मारा, तो मोकळा फिरला पाहिजे. बॅटऱ्या जुन्या असतील तर त्यांची किंमत शून्य धरून सौदा करा.

मग व्ही९११एस वरून के११० वर कधी जायचं?

तारीख ठरवू नका, ही परीक्षा घ्या. आधी शेपूट तुमच्याकडे ठेवून दोन मीटरच्या चौकोनात एक अख्खी बॅटरी हवेत थांबवा. मग डावी बाजू तुमच्याकडे, मग उजवी. शेवटी नाक तुमच्याकडे. या शेवटच्या अवस्थेत सुरुवातीला तीन सेकंदही थांबत नाही. एक युक्ती सांगतो: ज्या बाजूला ते घसरतंय त्याच बाजूला काडी न्यायची, जणू खाली टेकू देताय. रोज दोन बॅटऱ्या एवढ्यासाठीच राखून ठेवा.

नाक तुमच्याकडे असताना पूर्ण बॅटरी, न पाडता, सलग तीन दिवस थांबवता आलं, आणि त्यानंतर चालण्याच्या वेगाने दोन्ही दिशांनी इंग्रजी आठ काढता आला, की के११० मागवा. ते आल्यावर होल्डच्या सरावाचे दोन दिवस झाले की पहिल्या उड्डाणाला ६जी लावा, खोलीऐवजी गवत निवडा, आणि उड्डाणाआधी होल्डच्या स्विचवर बोट नेऊन बघा.